कोलकात्याचे चॉप, डेव्हिल आणि रोल: कुरकुरीत आवरणामागचे तंत्र

उकडलेल्या बटाट्याच्या पारीत भरलेले मसालेदार सारण, बाहेर टोस्टच्या चुऱ्याचा तांबूस थर आणि सोबतीला नाकात झिणझिण्या आणणारी मोहरीची कासुंदी. कोलकात्यातील संध्याकाळच्या खाण्याचे हे सर्वपरिचित रूप होय. भिन्न देशांतील पदार्थांचा मेळ घालण्याच्या रीतीला अलीकडे 'फ्यूजन' असे नाव मिळाले असले, तरी या शहरात ती रीत इंग्रजी अमदानीपासून रूढ आहे.

घरोघरीही आता असे प्रयोग होऊ लागले आहेत. समोशात नूडल्स, कटलेटमध्ये चीज, रोलमध्ये शेजवान चटणी असे नानाविध मेळ घातले जातात. मात्र अनेकदा पदार्थ तेलात फुटतो, तेलकट होतो किंवा ताटात येईपर्यंत मऊ पडतो. दोष बहुधा चवींच्या मेळात नसतो, आवरणात असतो. कोलकात्याच्या स्वयंपाक्यांनी सारणे वाटेल तशी बदलली. आवरणाचे नियम मात्र काटेकोरपणे पाळले. हे नियम समजून घेतल्यास घरच्या स्वयंपाकघरातही तोच कुरकुरीतपणा साधता येतो.

नावे साहेबांची, पदार्थ बंगालचे

इंग्रजीत 'चॉप' म्हणजे प्राण्याच्या बरगडीचा हाडासह कापलेला तुकडा. बंगालीत मात्र बटाट्याच्या पारीत सारण भरून किंवा बटाट्यात मिसळून तळलेल्या गोळ्याला चॉप म्हणू लागले. 'कटलेट' हा शब्द मुळात फ्रेंच. तो इंग्रजीमार्गे आला आणि सपाट थापून, चुऱ्यात घोळवून तळलेल्या पदार्थासाठी रूढ झाला. तिखट-मसालेदार केलेल्या पदार्थांना इंग्रजी पाकशास्त्रात 'डेव्हिल्ड' असे विशेषण लावतात. त्यातून बंगालचा 'डिमेर डेव्हिल', म्हणजे अंड्याचा डेव्हिल, हे नाव आले.

'कविराजी कटलेट' या नावाची कथा अधिक रंजक आहे. बंगालीत कविराज म्हणजे वैद्य. परंतु या पदार्थाचा वैद्यकाशी काही संबंध नाही. कटलेटवर अंड्याच्या जाळीचे आच्छादन असते. आच्छादन या अर्थाच्या 'कव्हरेज' या इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश होऊन 'कविराजी' झाले, असे सांगितले जाते.

साहेबांच्या घरांतील स्वयंपाकात चट्टग्राम भागातून आलेल्या बरुआ समाजातील बौद्ध आचाऱ्यांचा मोठा लौकिक होता. घरांतील हे पदार्थ पुढे शहराच्या उपाहारगृहांतही रुळले. त्यांपैकी अनेकांना 'केबिन' म्हणत, कारण तेथे पडद्याआड बसण्याची सोय असे. १९१८ साली सुरू झालेले कॉलेज स्ट्रीट परिसरातील दिलखुशा केबिन आणि १९२० पासूनचे शोभाबाजारचे मित्रा कॅफे ही नावे आजही कविराजीसाठी घेतली जातात.

मराठी वाचकांना या पदार्थांचे एक भावंड जवळच भेटते. गोव्यात बटाट्याच्या पारीत खिमा भरून केलेल्या पदार्थाला 'पोटॅटो चॉप' म्हणतात. फरक आवरणाचा आहे. गोव्यात त्यासाठी बहुधा रवा वापरतात, कोलकात्यात बिस्किटाचा किंवा टोस्टचा चुरा. आपला बटाटेवडा याच कुळातला. त्याला आवरण बेसनाचे.

कुरकुरीतपणा कसा येतो?

तळण हे खरे तर पाणी घालवण्याचे काम आहे. पदार्थ साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात पडताच पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होते. तेलात दिसणारे बुडबुडे म्हणजे हीच वाफ. ती बाहेर पडत असेपर्यंत तेलाला आत शिरण्यास फारसा वाव मिळत नाही. पृष्ठभाग कोरडा होऊन त्यातील पिष्ट कडक होते, रंग तांबूस होतो आणि कुरकुरीत कवच तयार होते.

तेल पुरेसे तापलेले नसल्यास वाफ मंद गतीने निघते, कवच वेळेवर धरत नाही आणि पदार्थ तेल पितो. उलट तेलातून धूर निघत असल्यास बाहेरचा थर करपतो आणि आतील भाग थंडच राहतो. सारणात पाणी अधिक असल्यास आत वाफ कोंडते. ती जेथे पारी पातळ असेल तेथून बाहेर पडते आणि पदार्थ फुटतो. तळून झाल्यावरही ओल्या सारणातील पाणी कवचात मुरते व ते मऊ पडते.

यावरून तीन नियम निघतात. सारण पूर्ण शिजलेले, कोरडे आणि थंड असावे. पारी सर्व बाजूंनी सारख्या जाडीची असावी. सर्वांत बाहेरचा थर आधीच कोरडा असलेल्या जिन्नसाचा असावा. टोस्टचा चुरा उपयोगी पडतो तो याच कारणाने. तो एकदा भाजला गेलेला असतो आणि सच्छिद्र असल्याने तेलात चटकन कडक होतो.

केळफुलाचा चॉप

बंगालीत केळफुलाला 'मोचा' म्हणतात. 'मोचार चॉप' हा तेथील लोकप्रिय शाकाहारी पदार्थ आहे. केळफूल बटाट्यात मिसळून चॉप वळण्याची रीत तेथे प्रचलित आहे. येथे ते सारण म्हणून भरण्याची कृती दिली आहे. सुमारे दहा चॉपसाठी एक मध्यम केळफूल आणि ४०० ग्रॅम बटाटे घ्यावेत.

हाताला तेल लावून केळफूल सोलावे. प्रत्येक फुलातील टोकाला गाठ असलेली कडक काडी आणि लहानसा पारदर्शक पापुद्रा काढून टाकावा. फुले बारीक चिरून मीठ-हळदीच्या पाण्यात काही तास ठेवावीत, म्हणजे तुरटपणा कमी होतो. नंतर ती मऊ शिजवून घट्ट पिळून घ्यावीत. पिळण्यात कुचराई केल्यास पुढील सर्व मेहनत वाया जाते.

कढईत दोन चमचे तेलावर आले, हिरवी मिरची, ओल्या खोबऱ्याचे बारीक तुकडे, शेंगदाणे आणि थोडे बेदाणे परतावेत. त्यात केळफूल, मीठ व चिमूटभर साखर घालून कढईच्या तळाशी ओल दिसेनाशी होईपर्यंत परतावे. शेवटी जिरे, धणे व सुकी मिरची कोरडी भाजून केलेली पूड एक चमचा घालावी. बंगालमध्ये तिला 'भाजा मोशला' म्हणतात. हे सारण ताटात पसरून पूर्ण गार करावे.

बटाटे सालीसकट उकडावेत. सोललेले तुकडे उकडल्यास ते पाणी शोषून घेतात. गरम असतानाच ते सोलून, किसून ताटात पसरावेत, म्हणजे त्यांची वाफ निघून जाते. मीठ घालून मळावे. पारी सैल वाटल्यास दोन चमचे टोस्टचा चुरा घालावा. प्रत्येक गोळ्याची वाटी करून त्यात सारण भरावे, तोंड बंद करावे आणि भेग राहिलेली नाही याची खात्री करून लांबट आकार द्यावा.

आवरणासाठी दोन मोठे चमचे मैदा व एक चमचा कॉर्नफ्लोअर यांची पाण्यात ताकाइतकी पातळ पेज करावी. अंडे चालत असल्यास फेटलेले अंडे घ्यावे. चॉप त्यात बुडवून चुऱ्यात घोळवावा, तळहाताने हलके दाबावा आणि तीच क्रिया पुन्हा एकदा करावी. यानंतर चॉप अर्धा तास शीतकपाटात ठेवावेत. चुऱ्याला पेजेतील ओल धरून घट्ट बसण्यासाठी हा अवधी आवश्यक असतो.

तेल तापले की चुऱ्याचा एक कण टाकून पाहावा. तो लगेच बुडबुड्यांसह वर आला तर तेल तयार आहे. एका वेळी तीन-चारच चॉप सोडावेत. अधिक सोडल्यास तेलाचे तापमान उतरते. सारण शिजलेलेच असल्याने तीन ते चार मिनिटे पुरतात. तळलेले चॉप कागदावर न ठेवता जाळीवर ठेवावेत, म्हणजे खालच्या बाजूने वाफ धरत नाही.

अंड्याचा डेव्हिल

चार अंडी दहा मिनिटे उकडून थंड पाण्यात सोलावीत व उभी अर्धी करावीत. पिवळा बलक काढून त्यात तळलेला कांदा, मिरपूड, मीठ व कोथिंबीर मिसळावी आणि तो पुन्हा पांढऱ्या भागात भरावा. अर्धा किलो उकडलेल्या बटाट्याचे आठ भाग करून प्रत्येक भागात अंड्याचा एक अर्धा भाग लपेटावा. मांसाहारी घरांत बटाटा आणि अंडे यांच्यामध्ये कोरड्या परतलेल्या खिम्याचा पातळ थर देतात.

उकडलेल्या अंड्याचा पृष्ठभाग गुळगुळीत व ओला असतो, त्यामुळे बटाटा त्याला धरत नाही. यावर उपाय सोपा आहे. अंडी स्वच्छ फडक्याने पुसून कोरड्या मैद्यात हलकी घोळवावीत आणि मग लपेटावीत. पुढील क्रिया चॉपप्रमाणेच.

जाळीचे आच्छादन

कविराजीत आवरणाचे तंत्र आणखी एक पाऊल पुढे जाते. चुऱ्यात घोळवलेले कटलेट आधी तळून घेतात. मग दोन अंडी एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि थोड्या पाण्यासह पातळ फेटतात. हे मिश्रण बोटांनी शिंपडत तापलेल्या तेलात सोडले की त्याची जाळी पसरते. तिच्यावर कटलेट ठेवून कडा दोन्ही बाजूंनी वर दुमडतात. थेंब जितके बारीक, तितकी जाळी हलकी होते. घरी हा प्रयोग पसरट कढईत आणि एका वेळी एकाच कटलेटवर करावा.

चिनी रोलची पातळ पारी

कोलकात्यात चिनी वसाहतीचा आरंभ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. वॉरन हेस्टिंग्ज यांच्या काळात टोंग अच्यू या चिनी व्यापाऱ्याने बजबजजवळ साखरेचा कारखाना काढला. त्याच्याच नावावरून त्या ठिकाणाला अछीपूर म्हणतात. पुढे शहरातील टिरेट्टा बाजार आणि चामडे कमावण्यासाठी प्रसिद्ध असलेला टांगरा परिसर ही या समाजाची केंद्रे झाली. १९६२ च्या भारत-चीन युद्धाच्या काळात अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले. त्यानंतर कित्येकांनी देश सोडला. समाज आक्रसला, तरी सोया सॉस, व्हिनेगर आणि हिरव्या मिरचीचा त्यांनी जमवलेला भारतीय मेळ देशभर पोहोचला.

घरी स्प्रिंग रोल बिघडतो तो बहुधा कोबीमुळे. मीठ लागताच कोबीला पाणी सुटते. म्हणून बारीक उभा चिरलेला कोबी, गाजर व ढोबळी मिरची मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटेच परतावी आणि मीठ व सोया सॉस अगदी शेवटी घालावा. मिश्रण चाळणीत पसरून गार करावे. पारीच्या कडांना मैद्याची घट्ट खळ लावून, आत हवा न राहू देता घट्ट गुंडाळावे. रोल भरून ठेवू नयेत. भरले की तळावेत.

सारण आपले, नियम तेच

या तंत्रात महाराष्ट्रातील सारणे उत्तम बसतात. कोरडी परतलेली मटकीची उसळ, सुक्या खोबऱ्यासह परतलेली कोलंबी किंवा कोवळ्या फणसाची भाजी वापरून पाहावी. कोवळ्या फणसाला बंगालमध्ये गमतीने 'गाछ पांठा', म्हणजे झाडावरचा बोकड, म्हणतात. मांसाच्या जागी तो सहज चालतो.

चीज वापरायचे असल्यास त्याचे लहान तुकडे गोठवून सारणाच्या मध्यभागी ठेवावेत आणि आवरण दुहेरी द्यावे. शेजवान चटणी थेट भरू नये. सारणाबरोबर परतून तिच्यातील ओल आटवावी. पनीर किसून फडक्यात पिळून घ्यावे. जिन्नस कोणताही असो, भरण्यापूर्वी सारण मुठीत दाबून पाहावे. हाताला पाणी लागल्यास ते पुन्हा परतणे आवश्यक आहे.

तेलाबाबत दक्षता

वारंवार तापवलेल्या तेलात आरोग्यास अपायकारक घटक वाढत जातात. एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झालेले तेल वापरू नये, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. घरात हे प्रमाण मोजता येत नाही. पण तेल काळपट व चिकट होणे, त्यावर फेस राहणे आणि लवकर धूर येणे या खुणा ओळखता येतात.

म्हणून तळणासाठी बेताचे तेल घ्यावे. तळताना खाली पडलेला चुरा झाऱ्याने सतत काढावा, कारण तो जळून तेल लवकर खराब करतो. उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवावे. पुन्हा तळणासाठी वापरू नये.

चॉप ताटात वाढताना कोलकात्याच्या रीतीने कच्चा कांदा, काकडी आणि कासुंदी द्यावी. कासुंदी न मिळाल्यास मोहरी भिजवून हिरवी मिरची, मीठ व लिंबाच्या रसासह वाटावी. मात्र ती बाजूला वाढावी, चॉपवर ओतू नये. एवढ्या निगुतीने जपलेला कुरकुरीतपणा पहिल्या घासापर्यंत टिकायला हवा.