धावणाऱ्या लेकीचा डबा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुकास्तरावरच्या शालेय मैदानी स्पर्धा होत्या. आमच्या शाळेतली नववीतली एक मुलगी 800 मीटर धावणार होती. सरावात ती नेहमी सगळ्यांच्या पुढे असायची. त्या दिवशी पहिली फेरी तिने छान मारली. दुसऱ्या फेरीत पाय जड झाले आणि शेवटच्या वळणावर ती मटकन खाली बसली.

सावलीत नेऊन मी विचारले, "सकाळी काय खाल्लंस?"

"चहा आणि दोन खारी, टीचर."

"आणि पाणी?"

ती गप्प. शेजारची मैत्रीण म्हणाली, "टीचर, इथल्या बाथरूमला कडीच नाही. म्हणून आम्ही कुणीच पाणी प्यायलो नाही."

मला माझीच लाज वाटली. वयाचे दाखले, बूट, पाठीवरचे नंबर, सगळे मी आदल्या दिवशी तपासले होते. मुलींच्या पोटात काय जाणार, हे मात्र विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. अम्मी म्हणाल्या, "ती म्हणाली, रिकाम्या पोटी अंग हलकं राहतं. मीही आग्रह केला नाही. तिच्या भावाची मॅच असली की मी दोन अंडी आणि दूध घेतल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाही..." इतके बोलून त्या स्वतःच थांबल्या. पुढे मी काही बोलायची गरजच नव्हती.

मुलगा असो की मुलगी, स्पर्धेच्या दिवसाचे खाणे कसे असावे, हे आपण जरा शिस्तीने पाहू. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू आपल्या स्वयंपाकघरात आहे. वेगळे लागते ते फक्त वेळेचे नियोजन.

आदली रात्र

स्पर्धेची तयारी आदल्या रात्रीच्या दस्तरख्वानापासून सुरू होते. धावताना स्नायूंना जे इंधन लागते ते मुख्यतः भात, चपाती, भाकरी, बटाटा अशा पिष्टमय पदार्थांतून येते आणि शरीर ते आधीच साठवून ठेवते. म्हणून रात्री आठच्या सुमारास वरण-भात, चपाती, चिकनचा पातळ रस्सा किंवा एखादी साधी भाजी आणि थोडे दही, असे जेवण द्यावे. कोकणातल्या घरी तांदळाची भाकरी आणि माशांचे कालवण चालेल.

बिर्याणी, निहारी, तळलेले कबाब त्या रात्री नकोत. तेल-तूप जास्त असलेले अन्न पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो आणि झोपही नीट लागत नाही. नेमका त्याच रात्री कुणाच्या वलीम्याचा दावतनामा असला, तर मुलाला घरीच जेवू घालून लवकर झोपवावे. पोट फुगवणारे राजमा, छोले, कोबी हेही टाळावेत. मुलांनी कधी न खाल्लेला पदार्थ त्या रात्री किंवा स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नये.

फजरनंतरची न्याहारी

समजा, सकाळी सातला एस.टी. आहे आणि पहिली शर्यत साडेनऊला. मग न्याहारी सहा ते साडेसहाच्या दरम्यान व्हायला हवी. मोठी न्याहारी आणि स्पर्धा यांत अडीच-तीन तासांचे अंतर असलेले बरे. फजरला उठणाऱ्या घरात हे अवघड नाही.

दोन चपात्या, एक उकडलेले अंडे, एक केळे आणि कपभर दूध पुरेसे आहे. पोहे, उपमा, इडली किंवा मऊ खिचडीही चालते. दुधाने ज्याचे पोट बिघडते त्याला दूध देऊ नये. तेलात तळलेला पराठा आणि नुसती चहा-खारी, दोन्ही नकोत. पहिला पोटात दगडासारखा बसतो, दुसरीने तासाभरात भूक लागते. काही मुलांना धास्तीने घास गिळवत नाही. त्यांना रागावू नये. दुधात कुस्करलेले केळे किंवा पातळ पेज द्यावी, म्हणजे निदान काहीतरी पोटात जाईल.

मैदानावरचा डबा

मैदानी स्पर्धांचा दिवस लांबतो. सकाळी 100 मीटर, दुपारी लांब उडी, संध्याकाळी रिले. एकच मुलगी तीन वेळा मैदानात उतरते. म्हणून एकदाच पोटभर जेवण्यापेक्षा थोडे थोडे, अंतर पाहून खावे:

• पुढची शर्यत अर्ध्या-पाऊण तासावर असेल तर दोन-तीन खजूर आणि पाण्याचे काही घोट, बस्स.

• तास-दीड तास असेल तर एक केळे, मूठभर चुरमुरे किंवा मध लावलेली अर्धी चपाती.

• दोन-तीन तास असतील तर गूळ घालून, दुधात कणीक भिजवून केलेल्या दोन दशम्या, थोडे भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एखादे फळ.

खजूर तर रमजाननंतर आपल्या डब्यात उरलेलीच असते. तिच्यातली साखर लवकर अंगी लागते, ती नासत नाही आणि खिशातही मावते.

डब्यात खिमा, चिकन, अंडा-भुर्जी देऊ नका. शिजवलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळी सहाला भरलेला खिमा उन्हात ठेवलेल्या पिशवीत दुपारी एकपर्यंत चांगला राहील, याची खात्री कोण देणार? मांस-अंडी घरच्या न्याहारीत आणि रात्रीच्या जेवणात, डब्यात कोरडे आणि टिकाऊ पदार्थ, असा सरळ नियम ठेवावा.

मैदानाबाहेरचे वडे-भजी आणि थंड पेये स्पर्धा संपेपर्यंत टाळावीत. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तर मुलांसाठी योग्य नसल्याची सूचनाच छापलेली असते, कारण त्यात कॅफिन असते. रंगीत जेलीच्या गोळ्या घेताना जिलेटिन कशाचे आहे हेही पाहावे. खजूर असताना त्यांची गरजही नाही.

पाण्याची गोष्ट

घरून निघण्यापूर्वी एक-दोन ग्लास पाणी प्यावे. नंतर दर पंधरा-वीस मिनिटांनी काही घोट. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद असेल तर कमी पडते आहे. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी ढोसणेही बरोबर नाही.

ऊन कडक असेल आणि घाम खूप येत असेल, तर मीठ-साखरेचे पाणी सोबत द्यावे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, छोटा. वाटल्यास वरून लिंबू पिळावे. अंदाजाने मुठीने मीठ टाकू नये. जास्त मीठ अपायच करते.

मुलींच्या पाण्याचा प्रश्न मात्र बाटली भरून दिल्याने सुटत नाही. स्वच्छ, कडी असलेले स्वच्छतागृह नसेल, तर मुलगी पाणी पिणारच नाही. आता मैदानावर पोहोचले की मी सर्वांत आधी ते पाहून येते. कडी नसेल तर मुली दोघी-दोघींनी जातात, एक बाहेर उभी राहते. साबण आणि सॅनिटरी पॅड माझ्या पिशवीत असतात. अम्मींनीही मुलीला मोकळेपणाने सांगावे की पाणी प्यायचे आहे, आणि जायचे असेल तर टीचरला सांगायला लाजायचे नाही. सोबत पुरुष शिक्षकच जाणार असतील तर एखाद्या आईने बरोबर जावे.

एका दिवसाने भरून न निघणारी गोष्ट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणजे त्यांना ॲनिमिया आहे. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो आणि मुलगी लवकर दमते. तिला आळशी म्हणण्याआधी एकदा रक्त तपासून घ्यावे.

ही कमतरता स्पर्धेच्या सकाळी अंडे देऊन भरत नाही. त्यासाठी महिनोन्‌महिने ताटाकडे लक्ष द्यावे लागते. कलेजी, मटण, मासे, पालेभाज्या, डाळी, आणि डाळ-भाजीवर लिंबू, कारण त्याने लोह चांगले शोषले जाते. जेवणाला लागून चहा नको, चहाने ते कमी होते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुलीने पाणी पिऊन तिथेच घ्यावी. आणि कलेजीचे तुकडे वाढताना आधी भावाचे ताट आणि उरले तर बहिणीचे, असे होऊ नये.

परत आल्यावर

स्पर्धा संपल्यावर तासाभरात एक ग्लास दूध किंवा लस्सी आणि केळे द्यावे. रात्री व्यवस्थित जेवण: खिमा-चपाती, अंडाकरी-भात किंवा मसूरची डाळ आणि भात. थकलेल्या स्नायूंच्या दुरुस्तीसाठी प्रथिने लागतात, ती यातून मिळतात. बिर्याणी करायचीच असेल तर ती याच रात्री करा, मुले जिंकून येवोत की हरून.

आपल्या दीनने खाण्यापिण्यात अतिरेक नको, असे शिकवले आहे. पोटाचा काही भाग अन्नासाठी, काही पाण्यासाठी आणि काही श्वासासाठी ठेवण्याची तालीम आपण लहानपणापासून ऐकतो. शर्यतीच्या दिवशी ती तालीम अक्षरशः उपयोगी पडते. आणि शरीर ही अमानत आहे, तर लेकीचे शरीरही अमानतच आहे.

ती मुलगी पुढच्या वर्षी दहावीत असताना पुन्हा 800 मीटर धावली. त्या सकाळी तिच्या अम्मी स्वतः स्टँडवर डबा घेऊन आल्या होत्या. दशम्या, खजूर, केळी आणि पाण्याच्या दोन बाटल्या. मुलगी चौथी आली, पदक मिळाले नाही. पण ती स्वतःच्या पायांवर रेषा ओलांडून आली आणि आल्या आल्या म्हणाली, "टीचर, डब्यात अजून काही आहे का? रिलेला वेळ आहे ना?"