पडून राहिलेली नावेची मोटार

वऱ्हाडांतल्या माणसानें नावेच्या यंत्राविषयीं बोलावें, हें ऐकून कोंकणांतील श्रोत्यांना थोडें हसूं येईल. आमच्या शेलूबाजाराकडील अडाण नदी उन्हाळ्यांत पायीं ओलांडतां येते. तेथें नाव कशाला लागावी? परंतु पावसाळ्यांत हीच नदी एका रात्रींत कुणाची ओळख ठेवीत नाहीं. २२ जुलै २०२३ रोजीं आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत, महागांव तालुक्यांतील आनंदनगर तांड्यास पुरानें वेढा घातला. शंभरावर माणसें अडकलीं, आणि आपत्ति प्रतिसाद दलाच्या जवानांनीं त्यांस बाहेर काढलें. अशा प्रसंगीं जी रबरी नाव येते, तिच्या मागच्या फळीवर एक मोटार अडकविलेली असते. समुद्रकांठचा कोळी अशी मोटार रोज राबवितो. आमच्याकडे मात्र ती वर्षांतील अकरा महिने गुदामाच्या कोपऱ्यांत उभी असते, आणि बाराव्या महिन्यांत, तेंहि मध्यरात्रीं, पहिल्याच ओढीसरशी ती चालू व्हावी अशी आपली अपेक्षा असते. ती कां होत नाहीं व कशी होईल, एवढाच आजचा विषय.

बाहेरून अडकवावयाची ही मोटार अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं ओल एव्हिनरूड या गृहस्थानें १९०९ सालीं विकावयास काढली आणि ती लोकप्रिय झाली. त्याच्या नांवाच्या मोटारी २०२० पर्यंत निघत होत्या. रचना साधी आहे. वर झांकणाखालीं इंजिन, त्यापासून सरळ खालीं गेलेला उभा दांडा, तळाशीं दांतेरी चाकांची पेटी व तिला जोडलेला पंखा. त्याच उभ्या दांड्यावर, पाण्याखालीं, एक लहानसा पंप असतो. नदीचेंच पाणी वर ओढून तो इंजिनास थंड ठेवतो. जुन्या मोटारींत वंगणाची निराळी सोय नसते. पेट्रोलांत मिसळलेलें तेल हेंच त्यांचें वंगण.

गेल्या उन्हाळ्यांत एका स्वयंसेवक मंडळाच्या तरुणांनीं अशी एक जुनी मोटार माझ्याकडे आणली. मी शाळामास्तर, परंतु विहिरीवरचें तेलाचें इंजिन मीं पुष्कळ वर्षें स्वतःच्या हातांनीं सांभाळलें, एवढीच माझी या विषयांतील पात्रता. मोटार तीन पावसाळे पडून होती. मुलांनीं आळीपाळीनें दोरी ओढून तळहातांना फोड आणले होते. "गुरुजी, आतां भंगारांतच घालावी काय?" असें त्यांतील एकानें विचारलें. मी म्हणालों, "आधीं ती दोरी सोड."

कारण खरी चूक तेथेंच होते. काम करून यंत्र झिजतें हें सर्वांस ठाऊक आहे. पडून राहिल्यानें तें अगदीं निराळ्या रीतीनें बिघडतें, आणि तो बिघाड न पाहतां दोरी ओढणें म्हणजे आजाऱ्याची नाडी न पाहतां त्यास धांवावयास लावणें होय. सांठलेल्या पेट्रोलांतला हलका भाग उडून जातो व मागें राळेसारखा चिकट थर उरतो. कार्ब्युरेटरचीं केंसाएवढीं बारीक छिद्रें त्या थरानें बुजतात. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें; तें हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि ओलावा फार झाला म्हणजे पाणी व इथेनॉल वेगळें होऊन तळाशीं बसतें. इंजिन नेमकें तळचेंच पितें! इकडे नळकांड्याच्या भिंतीवरील तेल निथळून जाऊन तेथें गंज चढतो. पंपाचें रबरी चक्र एकाच बाजूस वांकलेलें राहून ताठ होतें. आमच्या मोटारींत तर पाणी बाहेर टाकणाऱ्या छिद्रांत कुंभारमाशीनें मातीचें घर बांधलेलें निघालें.

तेव्हां प्रथम प्लग काढून प्रत्येक छिद्रांत चमचाभर तेल सोडलें आणि रात्रभर तसेंच राहूं दिलें. सकाळीं वरचें जडचक्र हातानें, तें चालतांना ज्या दिशेस फिरतें त्याच दिशेस, सावकाश फिरविलें. उलट फिरविल्यास पंपाच्या रबरी पाकळ्या मोडण्याची भीति असते. चक्र अडलें तर दांडगाई करूं नये, आणखी तेल घालून आणखी एक दिवस थांबावें. दट्ट्याची रिंग मोडली म्हणजे काम फार वाढतें.

नंतर तळच्या पेटीचा खालचा स्क्रू सैल केला. आंतून काळसर तेल आलें तर ठीक. आधीं पाणी आलें किंवा तेल दुधासारखें पांढुरकें निघालें तर सील गेलें असें समजावें. आमचें दुधाळ निघालें. सील बदलल्यावांचून नुसतें नवें तेल भरणें ही स्वतःचीच फसवणूक आहे, कारण ऐन प्रवाहांत दांते धरून बसले म्हणजे नाव वाहवत जाते. पंपाचें चक्र मात्र न तपासतांच बदलावें, असें माझें मत आहे. तें वरून चांगलें दिसतें व मग ऐन वेळीं पाकळ्या गळतात. आणि इंजिन जळण्याच्या मानानें त्याची किंमत कांहींच नाहीं.

जुनें पेट्रोल सगळेंच टाकून दिलें. टांकी धुतली, नळ्या वांकवून भेगा पाहिल्या, रबरी फुगा दाबून हवा गळते कीं काय तें पाहिलें. कार्ब्युरेटर उघडला तेव्हां तळाशीं मधासारखा तपकिरी गाळ होता. हीं छिद्रें तारेनें टोंकरूं नयेत, तीं मोठीं होतात. त्यासाठीं मिळणारें द्रावण व हवेचा झोत पुरे. नव्या पेट्रोलांत तेल किती घालावें हें मोटारीच्या पुस्तकांत पाहावें. पुष्कळ मोटारींस पन्नास भागांस एक भाग, म्हणजे एका लिटरास २० मिलिलिटर लागतें. फार जुन्यांस अधिक. तेल कमी पडलें तर दट्ट्या अडकतो, जास्त झालें तर नुसते प्लग काळे होतात. चूक व्हावयाचीच असेल तर दुसऱ्या बाजूची बरी.

राहिली ठिणगी. प्लग तारेस जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनास टेकवावा, परंतु प्लगाच्या छिद्रापासून दूर, कारण तेथून पेट्रोलची वाफ निघते. निळी ठिणगी दिसली पाहिजे. आमची कांहीं केल्या दिसेना. तासभर तारा तपासल्या, आणि मग एका मुलाचें लक्ष तांबड्या दोरीच्या चिमट्याकडे गेलें. नावाडी पाण्यांत पडला तर मोटार आपोआप बंद व्हावी म्हणून हा चिमटा असतो. तो जागेवर नसेल तर ठिणगीच पडत नाहीं. तो बसविलेलाच नव्हता! हातांचे ते सगळे फोड फुकट गेले होते.

पहिली सुरुवात नदींत करूं नये. अंगणांत, मोकळ्या हवेंत, पाण्यानें भरलेल्या पिंपांत मोटार उभी केली. पंप पाण्यांत पूर्ण बुडाला होता. पाण्याशिवाय ती क्षणभरहि चालवूं नये, नवें रबर जळून जातें. पंखा काढून ठेवला, गिअर मोकळा ठेवला, फुगा कडक होईपर्यंत दाबला, चोक ओढला. चौथ्या ओढीस मोटार खोंकली, सहाव्या ओढीस सुरू झाली. आदल्या दिवशींचें तेल जळून निळसर धूर भरपूर निघाला. त्याकडे लक्ष न देतां मागच्या छिद्राकडे पाहावें: पाण्याची बारीक धार कांहीं क्षणांत उडूं लागली पाहिजे. न उडाली तर तात्काळ बंद करावें. आमची उडाली, आणि ती पाहून पोरांनीं आरोळी ठोकली.

येथें कोंकणची आठवण होते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीस बंदी असते, आणि मोटारी घरीं येतात. जाणता कोळी ती गोड्या पाण्यावर चालवून आंतलें मीठ धुतो. रॉकेलवर चालणारी असेल तर शेवटचीं मिनिटें पेट्रोलवर चालवितो. मग पेट्रोलची नळी काढून मोटार आपोआप विझेपर्यंत थांबतो, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो. आमच्या मुलांनीं शेवटची रीत तशीच्या तशी उचलली आहे. वैशाखांत एकदां आणि पुढें पावसाळा संपेपर्यंत दर महिन्यास मोटार पिंपांत पंधरा मिनिटें चालते, नळी काढून बंद होते, आणि आंतलें पाणी निथळावें म्हणून उभीच टांगली जाते. डब्यावर पेट्रोल भरल्याची तारीख खडूनें लिहिलेली असते. महिना झाला कीं तें पेट्रोल, तेलाचें प्रमाण जुळवून, सोयाबीनच्या फवारणीपंपांस जातें व डब्यांत ताजें येतें.