सर्व्हरवरचे मराठी पुस्तक सापडावे म्हणून

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या शतकाच्या सुरुवातीला ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे काम उभे राहिले. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी आणि संस्थेचे प्रा. एन. बालकृष्णन यांनी रेटलेल्या या कामात जुनी मराठी पुस्तकेही स्कॅन झाली. एकेका पानाची वेगळी टिफ फाइल आणि तिचे नाव म्हणजे नुसता क्रमांक. शीर्षके रोमन लिपीत, नोंदणाऱ्याला सुचतील तशी. ही पुस्तके आज इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, पण हवे ते पुस्तक मिळेपर्यंत चार-चार स्पेलिंग करून पाहावी लागतात. इतक्या कष्टाने टिकवलेले पुस्तक वाचकाच्या हाती लागू नये, हे मला फार खुपते.

असा साठा आज एखादे लहान ग्रंथालयही स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर ठेवू शकते. तिथे शोधायला ‘फाइंड’ ही आज्ञा असते, पण ती दर वेळी सगळी डिस्क पालथी घालते. जेम्स वुड्स यांनी १९८३ मध्ये वेगळी वाट दाखवली: नावांची यादी आधीच करून ठेवायची आणि शोध त्या यादीत घ्यायचा. त्यातून ‘लोकेट’ हे साधन आले. स्टाइनार गुंडरसन यांनी २०२० मध्ये लिहिलेले ‘पीलोकेट’ हे त्याचेच वेगवान रूप. उबुंटू किंवा डेबियनवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पीलोकेट’ आणि मग यादी बनवणारी ‘सुडो अपडेटडीबी’, एवढ्या दोन आज्ञांवर ते चालू होते. पुढे यादी रोज एकदा आपोआप ताजी होते. सकाळी चढवलेली फाइल दुपारी दिसली नाही, तर ‘अपडेटडीबी’ पुन्हा चालवावी.

खरे काम त्यानंतरचे. स्कॅनची बाहेरची डिस्क बहुधा ‘मीडिया’ फोल्डरखाली जोडली जाते आणि डेबियनच्या मूळ मांडणीत तेच फोल्डर यादीतून वगळलेले असते. नेटवर्कवरून जोडलेला साठाही वगळलेला असतो. माणूस शोधतो, काही मिळत नाही आणि फाइल गेली असे समजतो. ‘इटीसी’मधल्या ‘अपडेटडीबी डॉट कॉन्फ’ या फायलीत वगळलेल्या जागांची नोंद असते. ती आधी वाचावी. उलट सुट्या पानांची फोल्डरे तिथेच मुद्दाम वगळावीत, नाहीतर शोधाच्या उत्तरात क्रमांकांचा ढीग येतो. खासगी कागदपत्रांची मात्र धास्ती नको: ज्या फोल्डरात जायची परवानगी नाही, त्यातली नावे पीलोकेट त्या वापरकर्त्याला दाखवत नाही.

मराठीची अडचण याहून खोल आहे. हे साधन अक्षराचा आकार बघत नाही, त्यामागचे बाइट जुळवते. ‘दौऱ्याचा अहवाल’ यातला ‘ऱ्य’ एका कळफलकावर ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने उमटतो, दुसऱ्यावर साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, पण एकाने शोधले तर दुसरे सापडत नाही. ‘बँक’चेही तेच: कुणी चंद्रबिंदू देतो, कुणी चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे. शिवाय नेहमीच्या लिनक्स डिस्कवर फाइलनावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे काना, मात्रा, हलन्त सगळे धरून ८५ चिन्हे. जुन्या पुस्तकांची लांबलचक शीर्षके त्यात मावत नाहीत.

म्हणून ग्रंथालये आणि मंडळे चालवणाऱ्यांना विनंती: स्कॅनिंगला बसण्याआधी नाव देण्याची एकच रीत लिहून ठेवा. लेखकाचे आडनाव, छोटे शीर्षक, वर्ष. सगळ्यांचा कळफलक एकच. पुढे शोधणारा कोणता शब्द टाइप करील, याचा विचार नाव देतानाच व्हायला हवा.