शिराजची बहार, अंबडचा बहार

‘बहार धरलाय का यंदा?’ डिसेंबरात जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी किंवा बदनापूरच्या शिवारात हा प्रश्न कुणी विचारला, तर त्याचा गाण्याबजावण्याशी काही संबंध नसतो. विचारणाऱ्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की मोसंबीचं पाणी तोडलं की नाही. पुण्यामुंबईच्या मैफिलीत बहार ‘येते’ आणि ती स्त्रीलिंगी असते. जालन्याच्या बागेत बहार पुल्लिंगी होतो, आणि तो आपसूक येत नाही, धरावा लागतो.

फारसीत ‘बहार’ म्हणजे वसंत ऋतू. फरवर्दीन, अर्दीबेहेश्त आणि खुर्दाद हे इराणी सौर वर्षाचे पहिले तीन महिने म्हणजे बहार. निजामाच्या राज्यातही फसली सालाच्या महिन्यांना हीच नावं होती; 1948 पर्यंत जालना त्याच कारभाराखाली असल्याने जुन्या कागदपत्रांत फरवर्दी, खुर्दाद, तीर असे महिने भेटतात. महिने गेले, बहार राहिला. मात्र राहताना त्याने अर्थ बदलला, आणि तो का बदलला हे समजायला शब्दकोशापेक्षा मोसंबीचं झाड जास्त उपयोगी पडतं.

लिंबूवर्गातल्या झाडाला भरघोस फुलायचं तर आधी विश्रांती लागते. इराण किंवा स्पेनमध्ये ती थंडी देते. वाढ थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न फांद्यांत साठतं आणि ऊब परतली की त्या साठ्यावर झाड फुलतं. मराठवाड्यातली थंडी एवढी कडक नसते. पाणी मिळत राहिलं तर मोसंबी पालवी फोडत राहते आणि फुलते ती थोडी आता, थोडी नंतर, म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबात न फुलल्यासारखीच. म्हणून जे काम तिकडे हिवाळा करतो ते इथे शेतकरी करतो. तो पाणी बंद करतो. याला ‘ताण देणे’ म्हणतात. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, काळ्या भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळू लागतात. साधारण चौथाई पानं गळाली की ताण पुरला असं समजायचं. मग मशागत, खतं आणि हलकं पाणी, म्हणजे ताण तोडणं. पुढच्या काही आठवड्यांत नवती फुटते आणि तिच्यासोबत फुलं. ताण कमी पडला तर नुसतीच नवती हाती येते, जास्त झाला तर झाडच हातचं जातं. ही गोष्ट जिथे करावी लागते, तिथे ‘बहार आली’ असं कोण म्हणेल? ‘धरणे’ हे क्रियापद जालन्याने फारसी शब्दाला जोडलं ते गरजेपोटी.

वसंत माणसाने घडवायचा म्हटल्यावर तो वर्षातून एकदाच का? जालन्यात बहार तीन आहेत. आंब्याला मोहोर येतो त्या सुमाराला, जानेवारी-फेब्रुवारीत, फुलतो तो आंबिया. जूनमध्ये मृगाच्या पावसावर मृग. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. म्हणजे जूनच्या चिखलात आणि ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा बहार! इराणी माणसाला हे सांगितलं तर तो चक्रावेल. शब्दांची जोडणीही बघा: ‘मृग बहार’ या जोडीत पहिलं नाव पंचांगातलं, दुसरं फारसी, आणि मधे जोडचिन्हसुद्धा नको.

कोणता बहार धरायचा हे विहीर ठरवते. आंबियाची फळं मार्च ते मे झाडावर वाढतात, म्हणजे नेमकी पाण्याची बोंब असते तेव्हा. पैठणच्या डाव्या कालव्याखाली जमीन आहे, किंवा शेततळं आणि ठिबक आहे, त्याला हे परवडतं. ज्याच्याकडे उन्हाळ्यात पाणी नाही त्याची बाग तशीही ताणावरच असते. तो मृगाची वाट बघतो, आणि पाऊस लांबला की मृग हुकतो. 2012-13 च्या दुष्काळात तर ताण तोडायलाच पाणी नव्हतं. टँकरने बागा जगवायचा आटापिटा झाला आणि तरीही कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली.

इथे शब्द आणखी सरकतो. फुलांचा बहार, मग त्या फुलांचा हंगाम, मग त्या हंगामाचं फळ, आणि शेवटी त्या फळाचा सौदा. ‘आंबिया बहार दिला’ म्हणजे झाडावरचा माल व्यापाऱ्याला विकला. फळगळ झाली की ‘बहार गळाला’. व्यापारी गुजराती असला तर त्याच्या घरच्या भाषेत ‘बहार’ म्हणजे निव्वळ बाहेर. त्याचा फारसीशी काही संबंध नाही, तो आपल्या ‘बाहेर’चा सख्खा भाऊ. आणि गझल लिहिणाऱ्याच्या तोंडी ‘बहर’ आला तर तो वृत्ताबद्दल बोलतोय. ते अरबी ‘बह्र’, ज्याचा मूळ अर्थ समुद्र. मराठीत फुलाचा बहर आणि वृत्ताचा बहर लिहायला सारखेच, कुळं मात्र निराळी.

खरं कुळ शोधायचं तर मागे जावं लागतं. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस कोरवलेल्या लेखात ‘थूरवाहर’ नावाचा महिना येतो. त्यातला ‘वाहर’ म्हणजे पुढचा बहार. आता संस्कृतातला ‘स’ इराणी भाषांत ‘ह’ होतो, सप्ताहाचा हप्ता होतो, हे लक्षात घेतलं की वाहरच्या मागे ‘वसर’ दिसू लागतो, आणि त्याच्या शेजारी आपला ‘वसंत’. दोन्ही एकाच धातूचे. लॅटिनमधला वसंत, ‘वेर’, हाही त्याच घराण्यातला, आणि लिथुआनियन भाषेत ‘वासारा’ म्हणजे उन्हाळा. आपल्याकडे गवई ‘बसंत बहार’ गातात आणि त्या नावाचा हिंदी चित्रपटही 1956 मध्ये आला. दोन राग वेगळे आहेत हे खरं, पण व्युत्पत्तीपुरतं बोलायचं तर तो वसंत-वसंत आहे.

फारसीत आणखी एक बहार दडलेला आहे, आणि मला तो सर्वांत गमतीचा वाटतो. जुन्या फारसी काव्यात बहार म्हणजे मूर्तींचं देऊळ असाही अर्थ सापडतो. हा ऋतूचा शब्द नव्हेच. हा आपला ‘विहार’. अफगाणिस्तानातल्या बल्खचा प्रसिद्ध बौद्ध मठ ‘नवविहार’, सातव्या शतकात चिनी प्रवासी युआन श्वांगने पाहिलेला, फारसीत ‘नौबहार’ झाला. सांचीच्या दानलेखांत भोगवर्धनच्या, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या, दात्यांची नावं आहेत. त्यांच्या रोजच्या बोलण्यातला विहार बल्खला जाऊन बहार झाला, आणि त्यांच्याच मातीत पुढे फारसीकडून दुसरा बहार आला. दोघांची गाठ मात्र पडली नाही.

तुर्कस्तानात ‘बहार’ वसंतही आहे आणि मसालाही. मसाल्याचा बहार अरबीतून आला, ‘बहारात’ म्हणजे मसाले. तुर्कांनी ऋतूचेही दोन भाग पाडले: ‘इल्कबहार’ म्हणजे पहिला बहार, वसंत, ‘सोनबहार’ म्हणजे शेवटचा बहार, शरद. हस्त बहार धरणाऱ्याला सोनबहार समजावून सांगावा लागणार नाही. हिंदी महासागरात मिरी ‘बहार’ नावाच्या वजनाने मोजली जायची, पोर्तुगीजांच्या हिशेबातही. तो आपला ‘भार’, अरबांच्या तोंडून फिरून आलेला. पोर्तुगीज निघालेच आहेत तर मोसंबीचंही सांगून टाकतो: हे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आलं. हिंदीवाल्यांनी तिला ‘मौसमी’ करून ऋतूच्या दावणीला बांधलं, तो निव्वळ कानाचा गोंधळ.

जालन्याच्या अर्थाला सर्वांत जवळचे दोन अर्थ मात्र लांबच्या मुलखात आहेत. तुर्कांबरोबर हा शब्द युरोपात बोस्नियापर्यंत गेला आणि तिथे ‘बेहार’ म्हणजे वसंत नव्हे, तर फळझाडाचा फुलोरा. साराजेव्होत 1900 मध्ये निघालेल्या एका नियतकालिकाचं नावच ‘बेहार’ होतं. दुसरा अर्थ फारसीच्या घरातच आहे: शिराजमध्ये आंबट संत्र्याच्या फुलांना ‘बहार-नारंज’ म्हणतात. ती वाळवून चहात टाकतात, त्यांचं सरबत आणि मुरंबा करतात. लिंबूवर्गाचं फूल म्हणजे बहार, हे अंबडच्या बागाइतदाराला शिराजशी विचारविनिमय न करता ठाऊक आहे. फरक एवढाच, की शिराजला फूल खुडून घरी नेतात आणि अंबडला एकेका फुलावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात, कारण त्यातली बहुतेक गळणारच असतात.

मराठीने या शब्दाला क्रियापदही दिलं, ‘बहरणे’. आता तो सरकारी कागदावरही स्थिरावला आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेचा अर्ज भरताना मोसंबीवाल्याला बहार निवडावा लागतो: मृग किंवा आंबिया. हस्तासाठी तिथे रकाना नाही.