उर्राक

उर्राक (कोकणी: हुर्राक) हे काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून मिळणारे गोव्यातील हंगामी मद्य आहे. उन्हाळ्यात, मुख्यतः मार्च ते मे या काळात, ते लिंबू, मीठ व हिरवी मिरची घालून पितात.

निर्मिती

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून भारतात आणले. पिकून गळलेली बोंडे तुडवून काढलेला रस काही दिवस आंबवतात आणि भट्टीवर त्याचे ऊर्ध्वपातन करतात. त्यातून उर्राक मिळते. उर्राकमध्ये आंबलेला रस मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

घरगुती कृती

पेल्यात बर्फ, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ व उभी चिरलेली मिरची घालून ६० मिलिलिटर उर्राक ओततात. उरलेला पेला लिंबाच्या स्वादाच्या गोड शीतपेयाने भरतात. मेक्सिकोतील टकिलापासून होणाऱ्या मार्गारिटा या मिश्रपेयातही लिंबू व मीठ असते.

मद्यार्काचे प्रमाण

उर्राकमध्ये सुमारे १५ टक्के, तर फेणीत ४० टक्क्यांहून अधिक मद्यार्क असतो. उर्राक फार काळ टिकत नसल्याने हंगामाबाहेर फेणी किंवा टकिला वापरतात; तेव्हा वरील माप तसेच ठेवल्यास मद्यार्क अडीच पटींहून अधिक होतो. त्याऐवजी २० ते २५ मिलिलिटर पुरेसे ठरते. लिंबू व गोडी यांमुळे मद्याचा तिखटपणा झाकला जातो, परिणाम मात्र कमी होत नाही. गोव्यात मद्यपानासाठी किमान वय २१ वर्षे आहे.