अम्लवेतस : ओळख आणि शोध

लवणभास्कर चूर्ण आपण नित्य वापरतो. परंतु त्याच्या पाठातील अम्लवेतसाचे फळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. हा वृक्ष आपल्याकडचा नव्हे. साहजिकच दुकानदार त्या नावाने जे देईल, तेच चूर्णात पडते. कधी ते आमसूल असते, तर कधी हिमालयातील रेवंदचिनीचे वाळलेले पर्णदेठ. या देठांत ऑक्झॅलिक आम्ल असते. मूत्राश्मरीच्या रुग्णास ते नकळत देणे हितावह नव्हे.

चरकाचार्यांनी हृद्य महाकषायात वृक्षाम्ल व अम्लवेतस यांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. वृक्षाम्ल म्हणजे कोकम, हे मान्य केल्यास अम्लवेतस त्याहून निराळा, हे उघड आहे. भेदनीय, दीपनीय, अनुलोमिक व वातकफहर द्रव्यांत त्यास अग्रस्थान दिले आहे. अम्लवेतसाने लोखंडी सुई विरघळते, ही ग्रंथोक्त खूण त्याची तीव्र अम्लता दर्शविते. परंतु लोखंडावर इतर तीव्र आम्लांचाही परिणाम होत असल्याने केवळ तिच्यावरून निश्चिती होत नाही.

आज अम्लवेतस म्हणून सामान्यतः गार्सिनिया पेडन्क्युलाटा हा वृक्ष स्वीकारला जातो. तो आसाम व लगतच्या प्रदेशात होतो. आसामी भाषेत त्यास ‘बोर थेकेरा’ म्हणतात. तेथे फळाच्या चकत्या उन्हात वाळवून स्वयंपाकात आंबटपणासाठी व घरगुती औषधात वापरतात.

परीक्षणाच्या खुणा अशा :

१. अम्लवेतस : फळ मोठे, सुमारे ८ ते १२ सें.मी. व्यासाचे, किंचित चपटे गोल, पिकल्यावर पिवळे. वाळलेल्या चकत्या तपकिरी ते काळसर.

२. कोकम : फळ लहान, पिकल्यावर लाल-जांभळे. साल पाण्यात भिजविताच पाणी लाल होते.

३. केरळातील कुडमपुळी : फळावर भोपळ्यासारख्या खोल खाचा, वाळलेली साल काळी, बहुधा धुरी दिलेली.

४. रेवंदचिनीचे देठ : लांबट व तंतुमय, फळाच्या सालीचा वा गराचा मागमूस नाही.

मागणी नोंदविताना केवळ ‘अम्लवेतस’ असे न लिहिता ‘बोर थेकेरा’ हे नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव व ‘फळाच्या चकत्या’ असा स्पष्ट उल्लेख करावा. प्रथम थोडा नमुना व शक्य तर एक अखंड फळ मागवावे. शंका राहिल्यास पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या संस्थेकडे विचारणा करावी.

खरे द्रव्य न मिळाल्यास कोकम योजण्यास आमचा विरोध नाही. मात्र ते प्रतिनिधी द्रव्य म्हणून जाणीवपूर्वक योजावे व तशी नोंद ठेवावी. द्रव्यच अनिश्चित असेल, तर आलेला गुण वा न आलेला गुण कोणाच्या पदरी घालावयाचा?