आशाताईंची विचारपूस कोण करणार?

दवाखान्यात बाळंतपण झालं, तर जन्मापासून ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई दारात हजर असतात. हात धुऊन बाळाचं वजन करतात, ताप बघतात, घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजतात. श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर घरच्यांना समजावून बाळाला ताबडतोब दवाखान्यात पाठवायचं, हेही त्यांच्याकडेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांच्या हातून बालमृत्यू कमी करून दाखवले. देशभरातल्या या गृहभेटींचा पाया तिथलाच.

एवढं करूनही एखादं बाळ दगावतं. ती खबर आशाताईंनीच कळवायची. मग चौकशी होते: शेवटची भेट कधी झाली, वजन किती होतं, पाठवायला उशीर का झाला? हे प्रश्न आवश्यकच आहेत. पण ज्या बाईने ते बाळ परवाच हातात घेतलं होतं, तिची विचारपूस मात्र राहून जाते. गाव तिचंच, दुसऱ्या दिवशी सर्वेक्षणासाठी त्याच गल्लीतून, त्याच घरावरून जावं लागतं.

२००५ साली आशा योजना सुरू झाली, तेव्हापासून आशा कागदोपत्री ‘स्वयंसेविका’च आहेत. म्हणून पगाराऐवजी मानधन आणि कामागणिक मोबदला, आणि तोही अनेकदा रखडतो. कोविडमध्ये त्या घरोघर फिरल्या, २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. आणि २०२३-२४मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावं लागलं. गौरवाने घर चालत नाही आणि मनावरचं ओझंही उतरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनाच कामातून येणाऱ्या मानसिक थकव्याची तीन लक्षणं सांगते: गळून गेल्यासारखं वाटणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. या थकव्याचं मूळ कामाच्या रचनेत आहे. ‘खंबीर राहा’ म्हणून तो जात नाही. मोबदला ठरल्या तारखेला मिळावा. आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीत आकडेवारीआधी अर्धा तास मोकळेपणाने बोलता यावं. मृत्यू घडल्यावर आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांनी रजिस्टर बाजूला ठेवून आशाताईंच्या घरी जावं आणि त्यासाठी त्यांना प्रशिक्षण मिळावं. गटप्रवर्तकांचंही कुणीतरी ऐकून घ्यावं. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो प्रत्येक बैठकीत सांगितला जावा.

दिवसभर गावाचं बघून घरी परतल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करणाऱ्या आशाही आहेत. अशी शुश्रूषा करणारं माणूस तर घरोघर सापडेल. त्याला मोबदला नाही, सुट्टी नाही, आणि ‘दमलो’ म्हणायचीही चोरी. केरळमध्ये परिशामक (पॅलिएटिव्ह) सेवेचे स्वयंसेवक अशा घरी जातात, रुग्णाबरोबर घरच्यांचीही चौकशी करतात. आपल्याकडे प्रत्येक गावात, वॉर्डात हे उभं राहायला हवं.

तोवर शेजारी-नातेवाईक म्हणून आपण एवढं करू शकतो: रुग्णाला भेटायला जाल, तेव्हा फळांची पिशवी ठेवून लगेच निघू नका. दोन तास रुग्णापाशी बसा आणि रोज त्यांचं करणाऱ्या माणसाला म्हणा, ‘तुम्ही जरा बाहेर जाऊन या, मी आहे इथे.’